गॅरेजची नवी जमीन : कामाच्या नोंदी

७ जुलै २०२४

गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या आमच्या घराला लागून गॅरेज आहे. त्याची जमीन आता डागडुजीच्या पलीकडे गेली आहे. आतलं माप २० फूट बाय १४ फूट, म्हणजे साधारण २६ चौरस मीटर. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर पत्रा, दार पश्चिमेला. जमीन सिमेंटच्या कोब्याची, फार जुनी. दाराजवळ चाकांच्या दोन्ही रेषांत खड्डे पडलेत. मधोमध एक भेग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली आहे. मागच्या कोपऱ्यात पापुद्रे सुटून नुसती पूड झाली आहे. आज झाडलं की उद्या पुन्हा सुपलीभर करडी धूळ.

इथे काय काय चालतं ते आधी लिहून ठेवते, कारण निवड त्यावरच व्हायला हवी. बाबांची जीप दीड टनाहून जड आहे. दादा सुट्टीला आला की तिचं बरंचसं काम स्वतः करतो: तेल बदलणं, ब्रेक, कधी पत्र्याचं वेल्डिंग. म्हणजे जॅक आले, जॅकस्टँड (उचललेली गाडी टेकवायचे) आले, गाडीखाली सरकायची चाकांची फळी आली. माझी स्कूटर आणि जुन्या बॅटऱ्या एका बाजूला असतात. शिवाय चार महिने चाकांबरोबर लाल चिखल आणि पाणी आत येतं.

एक गोष्ट आजच ठरवली: काम दिवाळीनंतर, पण तपासणी आत्ता, भर पावसात. आपल्याकडे जमिनीची कामं एप्रिल-मेमध्ये काढतात. तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं, काम करणारा वरून हात फिरवतो आणि रंग काय, टाइल काय, सगळंच चालेल म्हणतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते याच दिवसांत कळतं. मे महिन्यातल्या कोरड्या जमिनीकडे बघून निवडलेलं आवरण श्रावणात सुटतं. गावात अशी उदाहरणं मी पाहिली आहेत.

१३ जुलै २०२४

हातोडी आणि खडू घेऊन बसले. वितीवितीवर हलकेच ठोकत गेले. घट्ट जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द जागांभोवती खडूने वळसे काढले. शेवटी उभं राहून पाहिलं तर जवळपास अर्धी जमीन वळशांच्या आत आली. चाकांच्या रेषा तर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पोकळ.

दादाचं म्हणणं होतं की खड्डे पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून टाकावेत. त्याला हा नकाशा फोनवर पाठवला. खड्ड्याभोवतीची कडच खालून सुटलेली असेल तर ठिगळ धरणार कशाला? ते त्यालाही पटलं.

शेजारचे काका म्हणाले, माडाच्या मुळांनी जमीन उचलली. पाणसळ लावून पाहिली. जमीन कुठेही उचललेली नाही. उलट चाकांच्या रेषा पाऊण इंच खाली बसल्या आहेत. माडाची मुळं तंतूंसारखी बारीक असतात, वड-पिंपळासारखी जाड होत नाहीत. माड निर्दोष आहे आणि तो राहणार.

२१ जुलै २०२४

आजची नोंद सगळ्यांत महत्त्वाची.

ओलाव्याची साधी चाचणी केली. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरायचं, चारही कडा टेपने हवाबंद करायच्या आणि किमान सोळा तास हात लावायचा नाही. असे तुकडे दाराशी, मधोमध आणि मागच्या कोपऱ्यात लावले. ओल्या कोब्यावर टेप चिकटत नाही, म्हणून कडेच्या जागा पुसून, पंख्याखाली सुकवून मग डांबरी टेप लावली.

इथे पावसाळ्यात एक फसगत होऊ शकते. हवा इतकी दमट असते की गार जमिनीवर हवेतलंच पाणी साचतं. घरातल्या गुळगुळीत फरशीलाही घाम फुटतो. म्हणून प्लास्टिकची कोणती बाजू ओली आहे ते पाहायचं. वरची ओली असेल तर पाणी हवेतलं. खालची, म्हणजे जमिनीकडची, ओली असेल तर पाणी जमिनीतून वर येतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी वरची बाजू दमट होती आणि खाली थोडे थेंब होते. मधोमध खाली थेंबच थेंब. मागच्या कोपऱ्यात प्लास्टिक उचललं तर पाण्याची धारच ओघळली आणि कोबा काळा पडलेला दिसला. याच कोपऱ्यात उन्हाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागून पांढरी पूड येते. खालचं पाणी क्षार घेऊन वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाखाली फुगतो आणि पापुद्रे सोडवतो. पुडीचं कारण हे.

मग विहिरीवर गेले. आमची विहीर गॅरेजपासून पंचवीस फुटांवर. मे महिन्यात दोर वीस फुटांहून जास्त सोडावा लागतो. आज पाणी गॅरेजच्या जमिनीच्या पातळीपेक्षा जेमतेम तीन फूट खाली आहे. चिऱ्याचा खडक सच्छिद्र. पाऊस लागला की पाणी झपाट्याने चढतं आणि पाऊस गेला की तसंच उतरतं. विहिरीजवळ गॅरेज असलेल्या प्रत्येकाने जुलैत एकदा डोकावून ही पातळी मोजावी. कुठल्याही महागड्या मीटरआधी ती खरं सांगते.

४ ऑगस्ट २०२४

मागच्या कोपऱ्यात फूटभर चौकोन फोडला. वर ४० मिमी सिमेंटचा कोबा. तो खालच्या थरापासून पूर्ण सुटलेला, सुरी सरकेल इतकी फट. त्याखाली अंदाजे ७५ मिमी कच्चं काँक्रीट, खडीऐवजी चिऱ्याचे तुकडे घातलेलं. चिऱ्याचा तुकडा पाणी पितो आणि दाबाखाली चुरतो. त्याच्या खाली हाताला पोकळी लागली, इंचभर. मग लाल मातीची भर, ओली लिबलिबीत.

म्हणजे भर नीट चोपली नव्हती, ती वर्षानुवर्षं बसत गेली, कच्चं काँक्रीट अधांतरी राहिलं आणि जीपच्या वजनाने वाकून तुटलं. कोबा तर नंतर कधीतरी घातलेला, त्याची खालच्याशी पकड कधीच नव्हती. पाणी अडवणारा थर कुठेच नाही.

माझ्यापुरता प्रश्न आता बदलला आहे. वर काय घालायचं, याआधी खाली काय करायचं ते सुटलं पाहिजे.

१८ ऑगस्ट २०२४

घरात बसून चर्चा. बाबांना शहाबादी फरशी हवी, कारण जुन्या घराच्या पडवीत ती होती आणि टिकली. आईला धुता येईल असं काहीही चालेल. दादाला एपॉक्सीचा चकचकीत करडा रंग हवा. प्रत्येकाची बाजू नीट तपासणार आहे. चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, घाई नाही.

५ सप्टेंबर २०२४

चवथ परवावर आली. गॅरेजमध्ये माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं) सामान आणि पाहुण्यांच्या दुचाक्या. काम बंद.

२२ सप्टेंबर २०२४

एपॉक्सी. पणजीहून काम करणारे येऊन बघून गेले. गृहस्थ माहितगार होते, त्यांनी काही लपवलं नाही.

एपॉक्सी म्हणजे राळ आणि हार्डनर यांचं मिश्रण. ते काँक्रीटवर घट्ट पातळ कातडं तयार करतं. त्यासाठी पृष्ठभाग आधी यंत्राने घासून खरबरीत करावा लागतो, नवं काँक्रीट किमान २८ दिवसांचं लागतं, आणि बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात काँक्रीटमधला ओलावा ४ टक्क्यांच्या आत हवा असं लिहिलेलं असतं. लावताना जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन साचतं) किमान ३ अंशांनी जास्त असावं लागतं. हा हिशोब गोव्याच्या हवेला लावून पाहिला: हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू येतो २५ अंशांच्या जरा वर. म्हणजे जमीन २८ च्या पुढे हवी. पत्र्याखालच्या सावलीतली जमीन वर्षातले कितीतरी दिवस तेवढी तापत नाही. डिसेंबर ते मार्च ही खिडकी मिळते, त्यामुळे लावणं अशक्य नाही.

अडचण लावल्यानंतरची आहे. खालून बाष्प येत राहिलं तर ते या कातड्याखाली अडकतं, फोड येतात आणि चाकाखाली तुकडे निघतात. तापलेल्या टायरलाही ते चिकटून उचललं जातं. शिवाय आमचं दार पश्चिमेला, संध्याकाळचं ऊन सरळ आत येतं. उन्हाने एपॉक्सी पिवळी पडते. वर पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा थर दिला तर पिवळेपणा टळतो, पण खर्च आणखी चढतो. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डाग पडणार ते वेगळंच.

खाली पाणी अडवणारा थर असलेल्या नव्या स्लॅबवर एपॉक्सी शोभेल. जुन्या जमिनीवर ती मी घेणार नाही. दादाला हे लिहून पाठवलं.

६ ऑक्टोबर २०२४

म्हापशाला जाऊन टाइल्स आणि दगड पाहिले.

पार्किंग टाइल दिसायला चांगली. ३०० बाय ३०० मिमीची, जाड, वर नक्षीची पकड. ओल्या टायरसाठी आर ११ दर्जाची खरबरीत टाइल मागायची, हे लक्षात ठेवण्यासारखं. पण टाइल तिच्या खालच्या मसाल्याइतकीच भक्कम. खाली कुठे पोकळी राहिली की तिथे ती तडकते.

इथे जॅकस्टँडचा हिशोब मांडला, कारण दुकानदार सारखं "गाडी चालते हो हिच्यावर" म्हणत होते. गाडी चालतेच. टायरखालचा दाब साधारण टायरमधल्या हवेइतका असतो: ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास. पण जीप स्टँडवर चढवली की एका स्टँडवर चारशे किलो येतात आणि आमच्या स्टँडचे पाय अँगलचे. चारही पायांची टेकणारी जागा मिळून सोळा-सतरा चौरस सेंटिमीटर. दाब झाला चौरस सेंटिमीटरला पंचवीस किलो. टायरच्या दसपटीहून जास्त, आणि तोही टोकावर. खाली लोखंडी पाट ठेवला तर दाब वाटला जातो. पण रात्री घाईत चाक बदलताना पाट दर वेळी घेतला जाईलच असं नाही. जमीन त्या दिवशीही टिकायला हवी.

शहाबादी आणि कोटा, दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातला, कोटा राजस्थानातला. बाबांच्या पडवीत शहाबादी टिकली ती उंच जोत्यावर होती म्हणून; तिच्याखाली पाणी येत नव्हतं. ओल धरणाऱ्या जागी शहाबादीचे पापुद्रे सुटतात. कोटा अधिक घट्ट, पण पॉलिश केलेला ओला झाला की घसरतो, आणि चुनखडीला आम्ल चालत नाही. बॅटरीतलं आम्ल सांडलं की दगड खाल्ला जातो. काँक्रीटलाही आम्लाने इजा होते. पण तिथे चट्टा घासून पुन्हा भरता येतो, दगडाची अख्खी फरशी काढावी लागते.

बाबांशी बोलले. "पडवीला घाल मग शहाबादी," म्हणाले. पडवीचं काम पुढे निघालं तर नक्की घालीन.

पीव्हीसीच्या एकमेकींत अडकणाऱ्या चौकटीही तिथे होत्या. खाली पाणी साचणार, त्यात गोमी आणि विंचू राहणार. पुढे गेले.

१३ ऑक्टोबर २०२४

पेव्हर ब्लॉक. यांच्यावर सर्वांत जास्त वेळ घातला, कारण ओल्या जमिनीसाठी त्यांच्या बाजूने बरंच बोलता येतं.

आयएस १५६५८ या भारतीय मानकात हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी जाडीचा, एम ३५ दर्जाचा (आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त) ब्लॉक सांगितला आहे. खाली चोपलेली खडी, त्यावर २५ ते ४० मिमी रेतीची गादी, सांध्यांत बारीक रेती. बाष्प सांध्यांतून बाहेर पडतं, म्हणून फोड-पापुद्र्यांचा प्रश्नच नाही. जमीन कुठे बसली तर तेवढे ब्लॉक काढून भर घालायची आणि तेच परत बसवायचे. गाडी वळते तिथे हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरकी) मांडणी सर्वांत चांगली अडकून राहते. कडेला मात्र काँक्रीटची पक्की धार हवी. ती नसेल तर ब्लॉक हळूहळू पसरतात. अंगणात पसरलेले ब्लॉक दिसले की समजावं, धार नाही.

पण गॅरेजच्या आत? सरकायच्या फळीची चाकं प्रत्येक सांध्यात अडतात. पडलेला नट सांध्यात जातो. तेल रेतीत मुरतं आणि ती रेती काढल्याशिवाय वास जात नाही. मुंग्या सांध्यांतली रेती उकरून वर ढीग घालतात, हे अंगणात रोज पाहते. स्टँडचा एक पाय एका ब्लॉकवर आणि दुसरा शेजारच्यावर आला, त्यातला एक किंचित हलला, आणि गाडीखाली माणूस असेल तर? हा विचार मनातून जात नाही. दादा त्या गाडीखाली झोपतो.

दाराबाहेर पागोळ्या पडतात त्या पट्ट्यासाठी पेव्हर. आत नाही.

२० ऑक्टोबर २०२४

निर्णय झाला. आत सगळं उकरून नवा काँक्रीटचा स्लॅब. खाली खडीचा थर, पाणी वाहून नेणारी नळी आणि प्लास्टिक. वर कुठलंही कातडं नाही: काँक्रीट चांगलं घोटायचं आणि २८ दिवसांनी सिलिकेटचं हार्डनर पाजायचं. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून आतच घट्ट होतं, पृष्ठभाग टणक होतो, धूळ थांबते. वर थर नसल्यामुळे सुटायला काही नाही, आणि उरलंसुरलं बाष्प बाहेर पडत राहतं. तेलाचे डाग याने पूर्ण थांबत नाहीत. ते मला चालेल. तेल बदलताना खाली ट्रे ठेवता येतो.

खर्चात हे एपॉक्सीपेक्षा कमी पडत नाही, कारण बराच पैसा जमिनीखाली जातो. बाबांना ते आधी पटेना. "दिसणार नाही तिथे एवढं?" त्यांना विहीर दाखवली आणि जुलैतल्या प्लास्टिकचे फोटो दाखवले. मग म्हणाले, "कर, पण मेस्त्री नीट बघ."

१७ नोव्हेंबर २०२४

तुळशीचं लग्न झालं, मेस्त्री मोकळे झाले. फोडायला सुरुवात. कोबा सहज निघाला, कित्येक ठिकाणी पहारीने उचलताच अख्खे तक्ते उठले. कच्चं काँक्रीटही काढलं. चिऱ्याचा चुरा फेकला नाही, वाटेतल्या खड्ड्यांना वापरला.

२४ नोव्हेंबर २०२४

लिबलिबीत माती घट्ट तळ लागेपर्यंत काढली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत घालून प्रत्येक थर किंचित ओला करून चोपायचा, असं मेस्त्रींशी बोलले. ते म्हणाले, "बाई, एकदम घालून वरून मशीन फिरवू." पण यंत्राचा जोर वरच्या थरापुरताच पोचतो, खालचा सैल राहिला तर पुन्हा तीच पोकळी. मी थांबून राहिले, थरावर थर झाला. कोपऱ्यात यंत्र जात नाही तिथे धुम्मसने चोपलं. शेवटी मेस्त्रींनी स्वतःच टाच मारून दाखवली, खूण उमटली नाही.

वाळवीसाठी मातीत औषध मारायचं का, हा प्रश्न आला. विहीर पंचवीस फुटांवर आहे आणि ते पाणी आम्ही पितो. मारलं नाही. गॅरेजमध्ये लाकडाची चौकट नाही, मांडण्या लोखंडी आहेत.

१ डिसेंबर २०२४

पूर्वेकडून, म्हणजे चढाच्या बाजूने, पाणी येतं. त्या भिंतीच्या आतल्या अंगाला छिद्रांची पीव्हीसी नळी घातली, भोवती जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), आणि तिचा उतार बाहेरच्या उताराच्या परसाकडे काढला. त्यावर सगळीकडे १०० मिमी एकाच आकाराची खडी, बारीक चुरा नसलेली. चुरा असला की पाणी केसाएवढ्या फटींतून वर चढत राहतं; मोकळ्या खडीत ती चढण तुटते. प्लास्टिक बाष्प अडवतं, पण पाणी दाबाने वर आलं तर ते एकटं पुरत नाही. म्हणून नळी.

या कामात मेस्त्रींना रस वाटला. त्यांनी बादलीभर पाणी वरच्या टोकाला ओतलं आणि परसात जाऊन बघत उभे राहिले. पाणी स्वच्छ बाहेर आलं.

८ डिसेंबर २०२४

खडीवर ५० मिमी साधं काँक्रीट, प्लास्टिक टोचू नये म्हणून. त्यावर २५० मायक्रॉनचं पॉलिथिन, सांध्यात फूटभर चढवून टेप लावलेलं, भिंतीला वर वळवलेलं. भिंतीलगत सगळीकडे १२ मिमी फोमची पट्टी: स्लॅब भिंतीला चिकटायला नको, त्याला आपल्या जागी आकसता-फुगता आलं पाहिजे.

सळई ८ मिमी, दोन्ही दिशांना २०० मिमीवर. ही सळई भेग रुंदावू नये म्हणून असते, त्यामुळे ती स्लॅबच्या वरच्या भागात हवी. कामगार तिच्यावर चालतात, ती खाली बसते आणि तळाशी काहीच उपयोगाची राहत नाही. खाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) भरपूर दिले आणि चालायला फळ्या टाकल्या.

१२ डिसेंबर २०२४

आज स्लॅब पडला. जाडी १२५ मिमी, काँक्रीट एम २५. हिशोबाने सव्वातीन घनमीटर, मागवलं साडेतीन. जागेवर मिसळायचं तर आयएस ४५६ प्रमाणे ठरीव प्रमाणाचं मिश्रण एम २० पर्यंतच वापरता येतं. त्यापुढे प्रयोगशाळेत ठरवलेलं मिश्रण लागतं. नदीतल्या रेतीच्या उपशाचा गोव्यात वाद आहे, ती कुठून येते ते कळत नाही. कुठल्या खाडीची खारी रेती गळ्यात पडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून क्रशरच्या रेतीचं तयार काँक्रीट घेतलं.

गाडी आमच्या अरुंद वाटेत शिरत नाही. मोठ्या रस्त्यावरून ढकलगाड्यांनी आणलं. कामगार उत्तर कर्नाटकातले, हाताला वेग विलक्षण. एक जण चालकाकडे पाणी घालायला सांगत होता, मिश्रण सैल व्हावं म्हणून. मी नको म्हणाले. रस्त्यावर घातलेलं ते पाणी नंतर पृष्ठभागाची पूड बनून परत येतं.

उतार दाराकडे १०० ला १, म्हणजे मागून पुढे ६० मिमी. एलपट्टीने (लांब सरळ पट्टीने) ओढलं, रंधा फिरवला आणि मग थांबलो. वर पाणी सुटतं, ते उडून जाईपर्यंत लोखंडी थापी लावायची नाही. इथेच सर्वांत मोठा मोह असतो: पाणी शोषायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरायचं आणि घोटून चकाकी आणायची. लगेच सुंदर दिसतं. पण ते वरचं सिमेंट वेगळं पातळ कवच होऊन वर्षा-दोन वर्षांत सुटतं. मेस्त्रींना सकाळीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. सकाळचा पूर्वेचा कोरडा वारा लागू नये म्हणून खिडकीला ताडपत्री लावली. आत गुळगुळीत घोटलं; दाराशी शेवटचे तीन फूट झाडूच्या रेघा, ओलं टायर घसरू नये म्हणून.

१३ डिसेंबर २०२४

पहाटे सांधे कापले. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच आपली भेग शोधतं. सांध्यांचं अंतर जाडीच्या २४ ते ३६ पट, म्हणजे इथे तीन ते साडेचार मीटर. आमची जमीन मधोमध उभी-आडवी कापून चार तुकडे केले. खोली जाडीच्या पावपट, ३२ मिमी.

मग गोणपाट आणि वर प्लास्टिक. मिश्र सिमेंटला मानकाप्रमाणे किमान दहा दिवस ओलावा हवा. आम्ही दोन आठवडे देणार. आईने सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम स्वतःकडे घेतलं आहे.

२७ डिसेंबर २०२४

गोणपाट काढले. सांध्यांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा उमटल्या आहेत, जिथे हव्या होत्या तिथेच. बाकी जमिनीवर एकही नाही. खडू आणि हातोडी घेऊन फिरले: आवाज सगळीकडे टणक.

११ जानेवारी २०२५

सिलिकेट पाजलं. जमीन धुऊन, वाळवून फवारायचं, ब्रशने ओलं ठेवत राहायचं आणि जास्तीचं पुसून टाकायचं. पुसायचं राहिलं तर पांढरे डाग कायमचे. संध्याकाळी काळ्या कापडाने जमीन पुसून पाहिली, कापड काळंच राहिलं. आईला सर्वांत आवडलं ते हे.

१९ जानेवारी २०२५

दाराबाहेरचा पट्टा: ६० मिमी पेव्हर, हेरिंगबोन, तिन्ही बाजूंनी काँक्रीटची धार. दार आणि पट्टा यांच्यामध्ये जाळीची अरुंद मोरी, म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरायच्या आधीच वळेल. गोव्यात हे घटक दुय्यम समजू नयेत. गॅरेजमधलं बरंच पाणी दारातून येतं.

२ फेब्रुवारी २०२५

जीप आत. दादा आला होता, त्याने लगेच मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर चढवला आणि ब्रेक खोलले. स्टँडच्या पायांखाली ओरखडासुद्धा नाही. फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ सरकते. एपॉक्सीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. वेल्डिंगसाठी मात्र जाड पत्रा खाली घ्यायचा असं ठरलं. उघड्या काँक्रीटवर फार उष्णता पडली तर वरचा थर उडतो.

राहिलेलं काम: कापलेल्या सांध्यांत पॉलीयुरेथेन सीलंट. ते मार्चअखेर, कारण काँक्रीट अजून आकसतं आहे आणि आत्ता भरलं तर एका बाजूने सुटेल. पूर्वेच्या छपराची पन्हळ मेच्या आत बदलायची, तिचं पाणी आत्ता नेमकं नळीच्या वरच्या टोकाशी पडतं. नळीच्या परसातल्या तोंडाला जाळी बसवायची, उंदीर आणि बेडूक शिरू नयेत म्हणून. मेस्त्रींचा हिशोब आज पूर्ण केला.